होणाऱ्या सासऱ्याचा एसी

एसी दुरुस्तीत आपला हात धरणारा माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात नाही, असं सिदूचं ठाम मत होतं. आणि ते त्याचं एकट्याचंच होतं! सोलापूरला प्रशिक्षण घेऊन आल्यापासून तर त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. बाकीचे मिस्त्री एसीतला जुना गॅस फुस्सकन हवेत सोडून द्यायचे. सिदूकडं मात्र तो ओढून टाकीत भरणारी मशीन होती. तिला तो नव्या नवरीसारखं जपायचा.

खरी नवरी अजून ठरायची होती. सास्तूरच्या ईरण्णांची अक्षदा त्याच्या मनात भरली होती, पण ईरण्णा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. अशात त्यांचाच फोन आला, "आमचा एसी गार करंना झालाय. येऊन बघतोस का?"

सिदू समजला. ही परीक्षा!

"मामा, आज हॉलमधी स्वेटर घालून बसाल!" पोचल्या पोचल्या त्यानं जाहीर केलं. मग अंगणात वजनकाटा मांडला, त्याच्यावर टाकी ठेवली, नळ्या जोडल्या, हातमोजे चढवले, डोळ्यांना चष्मा लावला. "टाकी काठोकाठ भरली तर फुटती. म्हणून वजनावर नजर ठिवायची!" हे त्यानं सांगितलं ईरण्णांना, पण आवाज काढला आतल्या अक्षदाला ऐकू जाईल असा.

मग तो स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, "मामी, शेगडी बंद करा! ह्यो गॅस पेट घिऊ शकतो!"

अक्षदाच्या आईनं, नीलम्मांनी, पाहुण्यासाठी नुकतीच पुरणपोळी तव्यावर टाकली होती. "आन् ही कच्ची पोळी?"

"मी कच्चीच खातो!"

शेजारच्या धुरपताबाईंनी भिंतीवरून मान काढली. "काय चाललंय गं?"

"गॅस काढून टाकीत भरायलेत जावई..." नीलम्मांनी जीभ चावली. "मिस्त्री! मिस्त्री!"

धुरपताबाईंच्या कानात 'गॅस' आणि 'टाकी' एवढंच शिरलं. मशीन सुरू होते न होते तोच त्या आपली स्वयंपाकाची रिकामी टाकी गडगडवत अंगणात हजर! मागं गल्लीतल्या आणखी बायका, कुणाची टाकी खांद्यावर, कुणाची मोटरसायकलवर!

"मावशी, ह्यो थंडीचा गॅस हाय! चुलीचा न्हाय!"

"मग ह्याच्यावर च्या होत न्हाय?"

"न्हाय!"

"थोडा टाकून तर बघ! लई कंजूष दिसतूस!"

सिदू हात जोडून, घाम पुसून समजावत होता. समजावता समजावता त्याची नजर काट्यावर गेली. आकडा टुणकन उडी मारून हद्दीच्या कितीतरी पुढं गेलेला!

"पळा! टाकी फुटंल!"

भूकंप सोसलेल्या सास्तूरच्या माणसांना घराबाहेर पळा म्हणून दोनदा सांगावं लागत नाही. क्षणात गल्ली मोकळ्या मैदानात! ईरण्णा एका पायात चप्पल घालून, नीलम्मा उलथन्यासकट! सिदू मात्र जागचा हलला नाही. त्यानं मशीन थांबवली, टाकीची चावी बंद केली. तरी आकडा खाली येईना! त्यानं डोळे गच्च मिटले.

"ऐकलं का?" दारात अक्षदा उभी होती, तोंडावर ओढणी दाबून. "तुमची टाकी भरलेली न्हाय. धुरपता मावशीची टाकी काट्यावर टेकलीय."

गल्ली परत आली आणि पुढचं काम पार पडलं. गळका पाइप जोडला, आतली हवा ओढून काढली, मोजून गॅस भरला. सगळी गल्ली हॉलमध्ये गारव्याला बसली आणि अंगणात टाक्यांची रांग लागली.

ईरण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आमी समदे पळालो, तू एकटा मशीनपाशी थांबलास. असाच जावई पायजे आमाला! पोरीचाबी होकार हाय."

सिदू इतका फुगला, की हॉलचं दार त्याला अपुरं पडलं.

लग्नानंतर एके सकाळी अक्षदानं चहा देता देता सहज विचारलं, "त्या दिवशी नळीत पाय अडकला नसता, तर कुठवर पळाला असता?"

सिदूनं कपात तोंड घातलं.

"लोहाऱ्यापोतर," तो पुटपुटला.