यजमान बदलायचा आहे

माशाच्या कल्ल्यामागे टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता. प्रयोगशाळेतल्या सहा जणांनी तो मासा पाहिला. ठिपका फक्त मला दिसला! गोड्या पाण्यातल्या या जीवाणूला, एरोमोनासला, मी बारा वर्षं ओळखते. जळवेच्या पोटात तो गुणी भाडेकरूसारखा राहतो, तिला रक्त पचवायला मदत करतो. माशाच्या अंगात मात्र घरच पोखरतो. माणसाच्या जखमेत शिरला तर त्यालाही सोडत नाही. त्याला आई असती, तर तिलाही तो माझ्याइतका कळला नसता!

याच कामामुळे मला दुसऱ्या शहरात प्रयोगशाळाप्रमुखाचं पद देऊ केलं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. नवरा चार महिने एकच शब्द बोलत होता, "बघू."

गुरुवारी सकाळी मी स्वयंपाकघरात सहकारी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. "हा यजमान आता कामाचा नाही गं! पोट सुटलंय, दिवसभर कोपऱ्यात पडून असतो. बदलूनच टाकू. त्यापेक्षा तो बेडूक बरा, तरतरीत आहे!"

जीवाणू ज्याच्या अंगात राहतो, त्या प्राण्याला आम्ही यजमान म्हणतो. सासूबाईंच्या भाषेत मात्र यजमान म्हणजे नवरा. आणि सासूबाई दारातच उभ्या होत्या!

दहा मिनिटांत नवरा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. "तू बस. चहा मी करतो!"

नणंदेचा फोन आला. "वहिनी, हा बेडूक कोण? ऑफिसातला का?"

सासरे खाकरले. "सूनबाई, आमचा मुलगा मंद आहे, पण मनाने चांगला आहे हो!"

"माझ्यापेक्षा बेडूक बरा?" पोट आत ओढून नवरा म्हणाला.

"अहो, मासा!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले असेन. "मी आजारी माशाबद्दल बोलत होते! यजमान म्हणजे मासा!"

नवऱ्याने श्वास सोडला, शर्टाची बटणं ताणली गेली. सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अरे, मग ते वर्णन ऐकल्याबरोबर आम्हा सगळ्यांना तूच कसा आठवलास?"

चहा उतू गेला. गॅस बंद करून नवरा म्हणाला, "आजच होकार कळव. मी बदली मागतो. आपण जातोय."