वीस तारखेपर्यंत गळती नाही

रजेच्या अर्जावर मॅनेजरसाहेबांची सही घेऊन बॉयलरकाका ऑफिसच्या पायऱ्या उतरले आणि त्यांचा उजवा बूट सर्रकन पुढे निघून गेला. काका मागेच राहिले, म्हणजे बसले. बघतात तर काळं, दाट तेल सावकाश त्यांच्याच दिशेने येत होतं. बॉयलरच्या तेलाची टाकी तिथून चांगली पन्नास पावलांवर. तेल इथवर पोचलंय म्हणजे सांडून बराच वेळ झाला असणार.

पाचची गाडी होती. लेकीला मुलगी होऊन चार महिने झाले होते आणि काकांनी नात फक्त मोबाइलवर पाहिली होती. तीनदा रजा मंजूर झाली, तीनदा कारखान्याने ती गिळली. एकदा बॉयलरची नळी फुटली, एकदा तपासणी आली आणि एकदा नक्की काय झालं ते कुणालाच कळलं नाही, पण काका मात्र थांबले. या खेपेला आभाळ कोसळलं तरी जायचंच, असं त्यांनी बायकोला बजावून सांगितलं होतं.

“फिटर! अरे, टाकी फुटली की काय?”

“फुटली नाही काका, उतू गेली,” फिटर शिडीवरून म्हणाला. “टँकर रिकामा करत होतो. अर्धाही झाला नाही, तर वरच्या नळीतून बदाबदा बाहेर!”

“बंद करायचा ना मग टँकर!”

“ड्रायव्हर चहाला गेलेला. त्याचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. मी फिरवला, तर आणखी जोरात आलं.”

काकांनी बाह्या सरसावल्या. अकरा वाजले होते. चारपर्यंत उरकलं तर गाडी मिळणार होती. पण मदतीला माणसं धावून आली की काम वाढतं. गेटवरच्या पहारेकऱ्याने उत्साहाच्या भरात पाण्याचा पाइप सोडला. तेल पाण्यावर तरंगत आनंदाने सगळीकडे फिरलं आणि साहेबांच्या गाडीखाली जाऊन थांबलं. मग पॅकिंग खात्यातून लाकडाच्या भुशाची पोती आली. ती फोडायला आणि वारा सुटायला एकच गाठ पडली. पाच मिनिटांत कोण फिटर आणि कोण पहारेकरी ते आवाजावरून ओळखावं लागत होतं. काकांनी गटाराच्या तोंडाशी वाळूची पोती रचली, खोरं उचललं आणि भुसा ओढायला लागले. कंबर तर केव्हाच बोलायला लागली होती.

तीन वाजता सुरक्षाबाई आल्या. अपघात झाला की त्याचं मूळ शोधायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांच्याकडे एक फॉर्म होता आणि त्यात पाच वेळा ‘का’ विचारायचं होतं.

“तेल का सांडलं?”

“टाकी भरली म्हणून,” फिटर म्हणाला.

“का भरली?”

“टँकर ओतला म्हणून.”

“टँकर का ओतला?”

“मागवला होता म्हणून,” स्टोअरचा कारकून पुढे होऊन म्हणाला.

“का मागवला?”

“अहो, टाकीत तेलच नव्हतं! परवा संध्याकाळी मी बॉयलरच्या रजिस्टरची शेवटची ओळ बघितली. पातळी तीस सेंटिमीटर. मी लगेच फोन लावला. म्हटलं, बॉयलर बंद पडायला नको.”

“बरं. मग पातळी तीस का होती?”

हा पाचवा ‘का’. काकांचं खोरं थांबलं. 

परवा दुपारी जेवण झाल्यावर काकांनी रजेच्या आठही दिवसांच्या नोंदी स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या होत्या. बदलीच्या माणसाच्या अक्षरावर त्यांचा विश्वास नव्हता आणि आकड्यांवर तर मुळीच नव्हता. तेल रोज वीस सेंटिमीटर उतरतं, गेली अकरा वर्षं उतरतंय, त्यात विचारायचं काय? तेरा तारखेला एकशे सत्तर, चौदाला एकशे पन्नास, असं करत करत वीस तारखेला तीस. प्रत्येक ओळीपुढे ‘गळती नाही’ आणि खाली झोकदार सही.

सुरक्षाबाईंनी रजिस्टर उघडलं. “काका, आज तारीख किती?”

“बारा.”

“इथे वीस तारखेची सही आहे तुमची.”

“ते... जरा पुढचं उरकून ठेवलं होतं,” काका भुशातून म्हणाले.

रजिस्टर साहेबांपुढे गेलं. साहेब ओरडतील असं काकांना वाटलं होतं. त्यांनी ओरडावं, अशी मनातून इच्छाही होती, म्हणजे निदान लवकर संपलं असतं. पण साहेबही दमले होते. त्यांनी नुकतंच गाडीखाली वाकून पाहिलं होतं.

“पान फाडता येत नाही, नंबर छापलेत,” साहेब म्हणाले. “नियम काय आहे बाई?”

“चुकीची नोंद ज्याने लिहिली त्यानेच, त्या त्या दिवशी, पातळी मोजून लाल शाईने दुरुस्त करायची. शेजारी सही.”

“म्हणजे तेरा ते वीस, रोज?”

“रोज.”

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी अर्ज खिशातून काढला. त्यावर सही दिसत होती, बाकीचा मजकूर तेलात गेला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

साडेतीन वाजता त्यांनी घरी फोन लावला. काय सांगायचं ते मनात तीनदा घोळवलं, पण तोंडातून भलतंच आलं.

“अगं, जरा तेल सांडलंय.”

“बरं.”

“वीसपर्यंत नाही जमणार मला. रागावू नकोस. मला खरंच यायचं होतं गं. पण तू तरी जा. एवढं सामान घेऊन एकटी कशी जाशील, तेवढीच काळजी वाटते.”

“एकटी कुठे? माझी ताई आहे ना बरोबर. ही काय, चपला घालतेय.”

“ताई? अगं, तिला आयत्या वेळी तिकीट कुठून मिळायचं?”

“आयत्या वेळी कशाला? मागच्या महिन्यातच काढलं. माझं आणि तिचं.”

काका भिंतीला टेकले. “आणि माझं?”

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

“ओट्यावर एकाचं जेवण झाकून ठेवलंय,” बायको म्हणाली. “गरम करून घ्या.”