पाटणकर सरांचा अर्धा धडा

आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की बाकीचे लोक आडनाव विचारतात. पाटणकर सर विचारतात, "घरात माद्या किती?" यावरून इथे, पनवेलच्या खांदा कॉलनीत, त्यांनी एकदा मारच खाल्ला असता. मी मध्ये पडून सांगितलं, की हे जीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि यांच्या डोक्यात सिंह शिरलेला आहे.

जगातली कुठलीही गोष्ट सर सिंहाच्या कळपावरून समजावतात. बायको ऑफिसातून येऊन स्वयंपाकाला लागते आणि मी आधी ताटावर बसतो, हे पाहून ते म्हणाले, "बरोबर आहे. शिकार मादीची, पहिला घास नराचा. उरलेला दिवस झोप!" पुढे आठवडाभर बायको मला "या वनराज, वाढलंय" म्हणत होती. कोणी वाद घातला की सरांचं उत्तर ठरलेलं, "निसर्गात भावनेला मार्क नसतात."

हेच त्यांनी निखिललाही ऐकवलं. निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा, आई लहानपणीच गेलेली. इंजिनिअरिंगचा निकाल लागला त्याच आठवड्यात सरांनी त्याची बॅग दारात ठेवली. "वयात आलेला नर कळपात राहत नाही. नोकरी कुठेही शोध, पनवेल सोडून." त्याला जायचं नव्हतं. विचुंब्याची भाजीवाली ताराबाई तेव्हा जिन्यातच होती. "पोर हाय तो सर, जनावर नाय," ती म्हणाली. आम्ही हसलो. मीसुद्धा हसलो, आणि हे लिहिताना मला लाज वाटते.

दीड वर्षाने निखिल हैदराबादला भाड्याच्या खोलीत तापाने गेला. एकटाच राहायचा. कोणाला कळायलाच तीन दिवस लागले.

सर रडले नाहीत. पण कित्येक महिने त्यांच्या तोंडून सिंहाचं नाव आलं नाही. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून म्हणाले, की मला माझ्या घरातली एक खोली बॅचलर मुलांना द्यायची आहे. आमच्याकडे बॅचलरना बंदी, आणि ती आणणारे सरच!

सेक्रेटरी म्हणाले, "सर, रूल तुमचाच आहे. आणि द्यायचीच तर एकालाच द्या, कटकट कमी."

"एकाला नाही." सर म्हणाले. "मी जन्मभर अर्धाच धडा शिकवला. नर कळपाबाहेर पडतात ते भाऊ-भाऊ मिळून. भाऊ नसेल तर वाटेत जोडीदार शोधतात. एकटा नर टिकत नाही. मला माहीत होतं हो! तरी मी त्याला एकट्यालाच बाहेर काढलं."

सेक्रेटरींनी ठराव मताला टाकला. विरोधाला कोणाचाच हात वर झाला नाही.

आता त्या खोलीत दोन मुलं राहतात, एक लातूरचा, एक चिपळूणचा. संध्याकाळी सर गॅलरीत उभे असतात. दोघांपैकी एकटाच येताना दिसला की वरून हाक येते, "दुसरा कुठाय?"

"नाक्यावर चहा घेतोय, सर."

सर मान हलवतात. दुसरा गेटातून आत येईपर्यंत तिथेच उभे राहतात.