हवामान दिनी टिटवीचा सत्कार

एका जंगलात, मुलांनो, हवामान खातं होतं. हसू नका, खरंच होतं. एक टिटवी ते एकटीच चालवायची. आभाळ बघायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायची आणि पाऊस येणार असला की काठाकाठानं ओरडत सुटायची. तिचं ओरडणं अशुभ, असं सगळे म्हणत. पाऊस आलाच तर तो तिनंच आणला, असंही म्हणत.

मग कुणीतरी सिंहमहाराजांच्या कानावर घातलं, की जगभरातली जंगलं वर्षातून एक दिवस हवामानाचा म्हणून साजरा करतात. महाराजांना दिवस साजरे करायची भारी हौस. जागा सपाट हवी, म्हणून मांडव पडला नदीच्या कोरड्या पात्रात. टिटवीचं घरही तिथंच होतं, वाळूत. पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती. त्यांना चालता यायचं, उडता येत नव्हतं.

त्या दिवशी टिटवीचा सत्कार झाला. जन्मात पहिल्यांदा तिच्या अंगावर शाल पडली. तिला फार बरं वाटलं. हळूच डोळे पुसले तिनं.

तेवढ्यात वारा फिरला. मांडवाच्या कडेनं तिला डोंगराकडचं आभाळ दिसलं. काळंकुट्ट झालं होतं. तिकडे पाऊस कोसळत होता आणि ते पाणी याच पात्रातून यायचं होतं.

ती सूत्रसंचालक पोपटाकडे सरकली. "राघोपंत, पाणी येतंय. मला दोन शब्द बोलू द्या."

"बाई, सत्काराला उत्तर शेवटी असतं," पोपट कुजबुजला. "आधी प्रमुख पाहुणे."

"अहो, तोवर पात्र भरेल."

"मग थोडक्यात आटपा. पण शेवटी."

प्रमुख पाहुणे म्हणून करकोचेसाहेब परदेशातून आले होते. त्यांचा विषय होता, 'वेळेवर दिलेला इशारा'. ते फार छान बोलले. मग पुन्हा तेच बोलले.

टिटवी बसून राहिली. ओरडावं, तर एवढ्या वर्षांनी मिळालेला मान जाणार. शाल दिली तरी हिची खोड गेली नाही, असं सगळे म्हणणार. न ओरडावं, तर वाळूत पिल्लं होती.

तिनं शाल टाकली आणि जीव तोडून ओरडली.

श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, करमणुकीचा कार्यक्रम सुरू झाला. महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. टिटवीनं मागं पाहिलं नाही. पिल्लांना पुढं घातलं आणि काठ चढली.

साहेब "शेवटी एवढंच सांगतो" म्हणत असताना पाणी आलं.

घाबरू नका, कुणी मेलं नाही. महाराजसुद्धा एका फांदीला लोंबकळून वाचले. मांडव तेवढा वाहून गेला.

पाणी ओसरल्यावर चौकशी बसली. इशारा वेळेवर मिळाला होता, हे कुणीच नाकारलं नाही. पण पाहुण्यांचं भाषण तोडून आणि आभारप्रदर्शनाआधी उठून टिटवीनं जंगलाची नाचक्की केली, असं ठरलं. खातं तिच्याकडून काढून करकोचेसाहेबांना दिलं. टिटवीला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पिल्लं शेजारच्या माळावर उडायला शिकत होती आणि त्यांच्यामागं धावता धावता तिला रडायला सवड मिळाली नाही.

तात्पर्य : मुलांनो, बुडण्याची सूचना नेहमी कार्यक्रमपत्रिकेप्रमाणेच द्यावी, म्हणजे मान राहतो. ज्यांना पिल्लं आहेत, त्यांनी मानाच्या भानगडीत पडू नये.