ब्लॉगचा वाढदिवस आणि आवडीबाईचा धोंडा

जितेशच्या ब्लॉगला पाच वर्षं झाली, तेव्हा त्यानं वाचकांना जाहीर निमंत्रण दिलं: रविवारी सकाळी आवडीबाईच्या ओढ्यावर या, एक अज्ञात वीरगळ सर्वांसमक्ष उलटायचा आहे. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी कोरलेले हे दगड खालापूर-कर्जतच्या माळांवर पडलेले असतात, आणि मोहोपाड्याची नोकरी सांभाळून जितेश त्यांच्यामागे हिंडे. लेखाखाली आजवर एकही प्रतिक्रिया आली नव्हती. आपलं कुणी वाचतं का, हे त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

"अहो, पोहे किती भिजवू?" त्याच्या बायकोनं, छायानं विचारलं.

"वाचक आहेत ते, वऱ्हाडी नाहीत. आकडा कसा सांगू?"

"एखादा तरी आहे ना?"

जितेश चिडून बाहेर पडला.

अडचण अशी, की तो वीरगळ म्हणजे ओढ्यावर रोज धुणं धुणाऱ्या आवडीबाईचा धोंडा होता. खालून चाचपताना जितेशच्या बोटांना घोड्याचे पाय लागले होते. आवडीबाईला घोड्याचं सोयरसुतक नव्हतं.

"न्या की," ती म्हणाली. "पन आदी मला दुसरा दगुड आना. धुनं काय डोक्यावर आपटू?"

जितेशनं ग्रॅनाइटची लादी आणली. साडी साबणासकट सटकून ओढ्याला गेली. मग शहाबादी आली. तिसऱ्या दणक्याला तिचे दोन तुकडे झाले. सिमेंटचा कट्टा बांधला, तर आवडीबाईनं आपला नवा गाऊन त्याच्या तोंडासमोर धरला. "ह्यातून पार खालापूर दिसतंय रं भाऊ!"

शनिवारी मेटाकुटीला येऊन त्यानं टेंपोवाल्या रूपेशला हात जोडले. "कुठूनही आण, पण हिला पसंत पडेल असा दगड आण!"

संध्याकाळी रूपेशनं एक दगड उतरवला. "पुढल्या वाडीच्या माळावर उपडा पडला व्हता. कोन बगत पन नव्हतं."

एरवी जितेशनं त्याची बिनपाण्यानं केली असती. पण वैतागलेल्या माणसाला चौकशा सुचत नाहीत. त्यानं स्वतः खांदा लावून दगड होता तसा उपडाच बसवला. आवडीबाईनं गोधडी आपटून पाहिली. "आता कसं!"

रविवारी ऊन चढलं, पोहे निवले, वाचकाचा पत्ता नाही. शेवटी जितेशनं रागारागानं पहार लावून जुना धोंडा उलटवला. खाली दोन-चार टवके आणि पुष्कळ गोगलगायी होत्या. घोडा नव्हता.

"मंग येवढा कुटाना कशापायी केलास?" आवडीबाई म्हणाली.

तेवढ्यात माणसांनी भरलेली जीप आली. पुढल्या वाडीचे माजी सरपंच भिवाजी शाल आणि नारळ घेऊन उतरले. त्यांची नजर काठाला उभ्या असलेल्या रूपेशच्या टेंपोवर गेली; हाच टेंपो काल त्यांच्या माळावर कुणीतरी पाहिला होता. तिथून ती धुण्याच्या दगडावर गेली.

"पलटी करा रं त्याला!"

माणसांनी दगड उलटवला. खाली घोडा, वर तलवार, त्याच्याही वर चंद्रसूर्य. जितेशनं तो लगेच ओळखला. ब्लॉगचा पहिला लेख ह्याच वीरगळावर होता.

"आमचा वीर धुन्याखाली घातलास?" भिवाजींनी पहारवाल्या, चिखलानं माखलेल्या जितेशची कॉलर धरली. "आमी हितं ब्लॉगवाल्या सायबांचा सत्कार करायला निगालो, तर माळावरचा दगुडच गायब! आरं, ते लिवतात काय आन् तू करतोस काय?"

"तुम्ही... वाचता ते?"

"समदं! आमच्या वाडीत मोट्यानं वाचून दावतो मी. कुठं हायत सायेब? त्यांच्याच पुढ्यात उभा करतो तुला."

पाच वर्षं ज्याची वाट पाहिली, तो वाचक कॉलर धरून उभा होता. ब्लॉगवर जितेशनं विनयानं स्वतःचं नाव कधी घातलं नव्हतं. आता सांगायची छाती होईना.

"ते तापानं आजारी आहेत," छाया पुढे झाली. "मी त्यांची बायको. हा मजुरीवर आणलेला माणूस आहे. तुम्ही पोहे घ्या."

भिवाजींनी शालनारळ तिच्या हातात दिला. "वैनी, असली मानसं कामाला ठेवू नका."

वीर जीपमधून माळावर परत गेला आणि आवडीबाईचा धोंडा गोगलगायींवर. घरी येऊन जितेशनं वर्धापनदिनाचा लेख टाकला. वाडीकरांनी चोरीला गेलेला वीरगळ कसा सोडवून नेला, ते भरभरून लिहिलं. चोराविषयी मात्र अगदी मोघम. थोड्याच वेळात लेखाखाली पहिली प्रतिक्रिया उमटली. भिवाजींची होती.

"साहेब, लेख झकास. तब्येतीला जपा. पण चोराला पाठीशी घालू नका. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय, पाठवतो. ब्लॉगवर मोठा करून टाका."