कादरभाईंचे वरचे दोन दात

कादरभाईंचा दात साधा दुखत नसे, तो सुरात दुखत असे. सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं की समोरच्या ओट्यावर, गालाला फडकं बांधून बसलेले कादरभाई मला हात करायचे. "काय म्हणतोय दात?" असं विचारलं की डोळे मिटून, मान तिरकी करून नीट अंदाज घ्यायचे आणि सांगायचे, "काल पांढरी एक हुता. आज काळी चार धरलीय बगा. दुपारपातुर अजून वर जातोय."

पांढरी-काळी म्हणजे पेटीच्या पट्ट्या. या माणसानं उभा जन्म लासुर्ण्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. आता लग्नांत डीजे आले, बँडचे लाल कोट उंदरांनी खाल्ले, पण कादरभाईंचे कान काही निवृत्त झाले नाहीत. माझं दुकान मोटार रिवायंडिंगचं. जळालेली मोटार भरून चालू केली की समोरून आवाज यायचा, "सुरात न्हाय, सुरात न्हाय!" तेही गिऱ्हाइकासमोर. मोटार पाणी उपसते, गाणं म्हणत नाही, हे मी त्यांना सांगून थकलो. गल्लीत बायकांचं भांडण लागलं तरी हे मध्ये पडायचे आणि म्हणायचे, "भांडा, पर जरा सुरात." मग त्या दोघी आपलं भांडण सोडून यांच्यावर तुटून पडायच्या.

दुखणं होतं वरच्या पुढच्या दोन दातांचं. मुळाशी पू झालेला. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि सांगितलं, "काका, दोन्ही काढावे लागतील. पण तुमची शुगर फार आहे. ती खाली आली की काढू. तोवर गोळ्या आणि गुळण्या."

झालं, वाट बघणं सुरू झालं, आणि सगळं गाव दातांचं डॉक्टर झालं. भवानीनगरहून कारखान्यातला कुणी ओळखीचा येऊन दाढेत लवंग धरायला सांगून गेला. दुखणं पुढच्या दाताचं आहे हे त्याला पटवण्यात अर्धा तास गेला. काटेवाडीच्या व्याह्यांनी मिसरीचा आग्रह धरला. ती लावून कादरभाईंना अशी चक्कर आली की दात दुखतोय हेच ते घटकाभर विसरले. तुरटी झाली, ओव्याचा शेक झाला. दर आठवड्याला मी त्यांना गाडीवर बसवून बारामतीला न्यायचो. वाटेत गतिरोधक आला की पाठीमागून "या अल्ला" असा हुंकार यायचा.

शुगर मात्र उतरायचं नाव घेईना. बाई बोटाला सुई टोचायच्या, आकडा बघायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. "काका, गोड खाता का?"

"चा सुदीक बिनसाखरेचा पितो, बाई," कादरभाई गळ्याची कातडी चिमटीत धरून सांगायचे. आणि मी गाढवासारखा मान डोलवून साक्ष द्यायचो.

एकदा नंबर यायला वेळ होता. "जरा मोकळा होऊन येतो," म्हणून हे गेले ते येईचनात. कुठं चक्कर येऊन पडले की काय म्हणून मी शोधायला निघालो, तर कोपऱ्यावरच्या रसवंतीत कादरभाई उभे. हातात उसाच्या रसाचा मोठा ग्लास. थंडगार रस त्या दातांना लागत होता आणि प्रत्येक घोटाला हे पाय आपटत होते, पण पीत होते. तो ग्लास रिकामा करून त्यांनी दुसरा मागितला.

माझं डोकंच फिरलं. "कादरभाई, लाज वाटते का? मी दुकान बंद ठेवून तुम्हाला आणतोय आणि तुम्ही इथं रस ढोसताय?"

त्यांनी ग्लास मागं लपवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "शुगर उतरली तर बाई दात काढत्याल, सुभाषराव."

"मग त्याच्यासाठीच तर येतोय आपण!"

"ते दोन दात नळीवर टेकवूनच वाजवाया लागतं. ते गेलं की क्लॅरिनेट गेलं."

"कवळी बसवा."

"कवळी हालती. फुंकर निसटती."

"अहो, पण आता ऐकतंय कोण तुमचं क्लॅरिनेट?" मी बोलून गेलो.

त्यांना लागलं असणार. फडक्यानं ओठ पुसले आणि एवढंच म्हणाले, "सांच्याला घरी या."

त्यांच्या घरी म्हणजे ओट्यावर आमचं नेहमीचंच बसणं, आतल्या खोलीत मात्र मी कधी गेलो नव्हतो. भाभींना लकवा होऊन उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेलीयत, हे गावाला ठाऊक होतं. एके काळी काय तोंड होतं त्यांचं! क्लॅरिनेटचा तर भारी तिटकारा. कादरभाई रियाजाला बसले की भाभींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आता त्या कॉटवर छताकडं बघत पडल्या होत्या.

कादरभाईंनी गालाचं फडकं सोडलं, क्लॅरिनेट ओठांत धरलं. नळी दातांना लागली तसं त्यांचं अंग शहारलं. तरी एक सुरेख, संथ चाल वाजवली. भाभी तशाच पडून. मग त्यांनी मुद्दाम एक सूर सोडला. इतका बेसूर, की माझ्या बिघडलेल्या मोटारी बऱ्या. पुन्हा एक, त्याहून वाईट. भाभींच्या कपाळाला आठी पडली. ओठ थरथरले. आणि खणखणीत आवाज आला,

"बंद करा ती पिपाणी!"

कादरभाईंनी लगेच क्लॅरिनेट खाली ठेवलं. तोंड एवढं सुजलेलं, तरी हसत होते.

"येवढंच ऱ्हायलंय तिच्याजवळ. पाणी मागता येत न्हाय, पोरीचं नाव घेता येत न्हाय. सुरात वाजवलं तर गप पडून ऱ्हाती. म्हणून तुमचं शटर पडलं की रोज बेसूर वाजवतो."

दुसऱ्यांच्या मोटारींनाही सुरात ठेवू बघणारा हा माणूस रोज संध्याकाळी जाणूनबुजून बेसूर होत होता, या एका वाक्यासाठी. फार वाईट वाटलं मला.

पण पुवाला हे कुठलं कळायला? पुढच्याच आठवड्यात सूज डोळ्यापर्यंत चढली, ताप भरला. आता थांबलं तर जिवावर बेतेल, असं बाई म्हणाल्या. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून, शुगरची इंजेक्शनं देऊन त्यांनी दोन्ही दात काढले. ठणका थांबला. सकाळी शटर वर करून मी समोर बघायचो, तर ओटा रिकामा असायचा.

काही दिवसांनी कादरभाईंनी मला आत बोलावलं. हातात क्लॅरिनेट होतं. त्यांनी माझ्यासमोर फुंकून दाखवलं, नुसती हवाच आली.

"मला धरत न्हाय. तुमी एकदा फुंकून बगा. कसंबी वाजू द्या."

मी जन्मात कधी शिट्टीसुद्धा धड वाजवली नाही. सगळा जीव एकवटून फुंकलं. असा काही चिरका आवाज निघाला की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. आम्ही दोघांनी भाभींकडं पाहिलं.

त्या माझ्याकडं बघत होत्या. कपाळाला आठी नव्हती. त्यांनी डाव्या हातानं चाचपत पदर डोक्यावर ओढून घेतला आणि सावकाश तोंड भिंतीकडं फिरवलं. घरात परका माणूस आला होता.

मी क्लॅरिनेट कॉटच्या कडेला ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या, सुभाषराव," कादरभाई म्हणाले. दातांच्या फटीतून शब्द निसटत होते. "रागवायची ती मलाच."