नऊ इंच कोणाचे?

बोरीवलीच्या सुखनिवास सोसायटीचं रीडेव्हलपमेंट अखेर ठरलं आणि बिल्डरची आर्किटेक्ट श्वेता हिने सभेत एक साधी विनंती केली. सोसायटीच्या कपाटातले जुने नकाशे वाळवीने फस्त केले होते. "प्रत्येकाने आपापल्या घराचा कच्चा नकाशा मापांसकट पुढच्या रविवारी आणून द्या," ती म्हणाली. "वहीच्या पानावर हाताने काढला तरी चालेल."

तिसऱ्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाश परुळेकरांनी यातलं शेवटचं वाक्य ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. आत्ताचं घर जेवढं, त्याच्या सव्वापट नवं मिळणार होतं. एवढी मोठी गोष्ट वहीच्या पानावर सोडायची? शिवाय परुळेकर मरोळच्या एका औषध कंपनीत खरेदी खात्यात होते. तीन ठिकाणची कोटेशनं आल्याशिवाय ते टाचणीसुद्धा घेत नसत. त्यांनी घर काढायची तीन सॉफ्टवेअर शोधली आणि लॅपटॉपवर उतरवून घेतली. एकाचं नाव हाउसोमॅटिक, दुसरं रूमरंग आणि तिसरं प्लॅनोबा.

"तिन्ही कशाला?" त्यांच्या बायकोने, रुक्मिणीने विचारलं.

"तुलना करायला नको? आधी तू ही टेप धर."

रुक्मिणीने गॅसवरची आमटी बंद केली आणि टेपचं टोक धरून ती घरभर फिरली. मापं झाली. परुळेकरांनी हाउसोमॅटिक उघडलं, हॉलची लांबी सोळा आणि रुंदी दहा टाकली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. चष्मा पुसून पाहिलं तेव्हा मधोमध एक ठिपका दिसला.

"हा कसला ठिपका?" रुक्मिणीने विचारलं.

"आपला हॉल."

"यात सोफा कुठे बसणार?"

अर्ध्या तासाने परुळेकरांना कळलं, की हाउसोमॅटिक सगळं मिलिमीटरमध्ये मोजतं. मग त्यांनी कॅल्क्युलेटर घेऊन एकेका फुटाचे मिलिमीटर केले. घर उभं राहिलं. खाली क्षेत्रफळाचा आकडा आला, अडतीस पूर्णांक तीन. चारशेच्या आसपासचं घर अडतीसवर आलं कसं? मग आणखी अर्ध्या तासाने कळलं, की हे चौरस मीटर आहेत. त्याचे फूट केल्यावर चारशे बारा झाले. त्यांनी पाणी प्यायलं आणि रूमरंग उघडलं.

रूमरंग फुटांत चालत होतं, पण त्यात एक निळ्या शर्टातला माणूस होता. त्याला घरात उभं करायचं आणि बाण दाबून फिरवायचं, म्हणजे घर आतून दिसतं. परुळेकरांनी त्याला नेमकं बाथरूममध्ये उभं केलं आणि मग लक्षात आलं, की दारं काढायची राहिलीत. माणूस चारी भिंतींना धडकत राहिला.

"अहो, त्याला बाहेर काढा आधी," रुक्मिणी म्हणाली. "बिचारा कधीचा आत आहे."

"काढतोय! दार कुठल्या मेनूत आहे तेच सापडत नाहीये!"

दार सापडलं, माणूस सुटला आणि खाली आकडा आला, चारशे सदतीस. परुळेकरांनी डोळे चोळले. मापं तीच, घर तेच, पंचवीस फूट आले कुठून? निकाल लावायला त्यांनी प्लॅनोबा उघडलं. प्लॅनोबा म्हणालं, चारशे एकाहत्तर.

परुळेकर लॅपटॉपपुढे बसून राहिले. खरेदी खात्यात सगळ्यांत कमी आकडा मंजूर करायचा असतो. इथे कमी आकडा घेतला तर नुकसान आपलं, आणि जास्त घेतला तर तो खरा कशावरून? एकोणतीस वर्षांच्या नोकरीत असं कोटेशन त्यांच्यापुढे आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट शेजारच्या नंदकुमार साटमला सांगितली. दोघं एकाच वर्षी या मजल्यावर राहायला आले होते. दोघांच्या हॉलच्या मधे एकच भिंत होती. रुक्मिणीला कढीपत्ता हवा असला तर ती भिंतीवर दोनदा थाप मारायची आणि नंदकुमारची बायको उत्तरा कढीपत्ता घेऊन दारात यायची.

"चारशे एकाहत्तर?" नंदकुमार खुर्चीतून उठलाच. "काय नाव म्हणालास? प्लॅनोबा?"

नंदकुमारने ते भाजीवाल्यापाशी दुसऱ्या मजल्यावरच्या राजेश शहांना सांगितलं आणि मंगळवारपर्यंत सगळी सोसायटी नकाशे काढायला बसली. लिफ्टमध्ये लोक तब्येतीच्या आधी सॉफ्टवेअर विचारू लागले. राजेशभाई म्हणाले, रूमरंगच बरं, त्यात सोफ्याचा कलर पण चेंज होतो. तळमजल्यावरचे भाऊ धुरी गेटवर परुळेकरांना अडवून म्हणाले, "चंदू, माझा घर पाचशे दोन इला रे!"

"भाऊ, पाचशे दोन? आपली घरं सारखीच आहेत."

"माका काय म्हायत? मी भायली तुळस पण घेतलंय आत."

शुक्रवारी नंदकुमार आपला छापील नकाशा दाखवायला आला. परुळेकरांनी आपला शेजारी ठेवला. दोन्ही प्लॅनोबाचे, दोन्ही चारशे एकाहत्तर. परुळेकर खूश झाले. मग खरेदी खात्यातल्या नजरेने त्यांनी दोन्ही कागद एकमेकांना चिकटवून पाहिले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"नंद्या, ही हॉलची भिंत तू तुझ्यात धरलीस?"

"हो. मग?"

"मी पण धरलीय. पूर्ण नऊ इंच."

नंदकुमारने दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले.

"मग तू तुझी काढ," नंदकुमार म्हणाला.

"मी का काढू? आमचं देवघर आहे त्या भिंतीवर."

"आणि माझा टीव्ही आहे त्याचं काय? बेचाळीस इंची. खिळे मी ठोकलेत."

"खिळे ठोकले म्हणून भिंत तुझी? तुझे दोन खिळे माझ्या देवघरात निघालेत, ते मी इतकी वर्षं बोललो नाही!"

"मग आज बोललास ना! झकास!" नंदकुमार कागद उचलून निघून गेला. जाताना त्याने दार आपटलं आणि ते त्याच भिंतीतून दोन्ही घरांत ऐकू आलं.

शनिवारी रुक्मिणीने कढीपत्त्यासाठी भिंतीवर थाप मारायला हात उचलला.

"थांब," परुळेकर म्हणाले. "थाप मारलीस तर भिंत त्यांची म्हणून मान्य केल्यासारखं होईल."

"अहो, पोहे करपतायत."

"करपू देत."

त्या दिवशी परुळेकरांनी कढीपत्त्याशिवायचे करपलेले पोहे खाल्ले आणि ते त्यांना अजिबात आवडले नाहीत. पलीकडे टीव्ही चालू होता, पण नंदकुमारने आवाज इतका कमी ठेवला होता, की बातम्यांतलं एक अक्षर कळेना. एरवी परुळेकर टीव्ही न लावता सातच्या बातम्या ऐकायचे.

रविवारी सभा भरली. श्वेताने चोवीस नकाशे टेबलावर मांडले, बेरीज केली, पुन्हा केली, आणि मान वर केली.

"काका, सगळ्यांची घरं एकत्र केली, तर तुमची बिल्डिंग शेजारच्या दवाखान्यात घुसतेय."

परुळेकर उभे राहिले. "मॅडम, एकच सांगा. तिन्हींत खरं सॉफ्टवेअर कुठलं?"

"तिन्ही खरी आहेत, काका."

"असं कसं? आकडे वेगळे आहेत!"

"एक भिंतीच्या आतून मोजतं, एक भिंतीच्या मधोमध, आणि एक बाहेरून. घर तेवढंच आहे. आम्ही आतलंच धरतो. ते सगळ्यांचं चारशे बारा." तिने भाऊंकडे पाहिलं. "तुळस सोडून."

परुळेकरांना ते कळलं आणि नाहीही कळलं. पण मुख्य प्रश्न बाकी होता. "मग आमच्या दोघांमधली ती भिंत? ती कोणाच्या नावावर?"

नंदकुमारही पुढे सरकून बसला.

श्वेताने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काका, ती पाडायची आहे. सगळी बिल्डिंगच पाडायची आहे ना!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. परुळेकर हळूच खाली बसले. दोन दिवस आपण ज्या भिंतीसाठी भांडलो, ती दिवाळीनंतर डंपरमध्ये भरून जाणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नंदकुमारच्या तोंडावरून ते त्याच्याही डोक्यात आलं नसावं असं दिसत होतं.

"आणि नव्या बिल्डिंगमध्ये भांडणाचा प्रश्नच नाही," श्वेताने हसून नवा नकाशा उलगडला. "तुमच्या दोघांच्या मधे लिफ्ट आणि जिना आहे. कॉमन भिंतच नाही."

तिला वाटलं होतं, दोघं खूश होतील. परुळेकरांनी नंदकुमारकडे पाहिलं. नंदकुमार नकाशाकडे बघत होता.

"लिफ्ट?" नंदकुमार म्हणाला. "मग ह्याला बातम्या कशा ऐकू येणार?"

"कमाल आहे!" परुळेकर म्हणाले. "कोणाला न विचारता लिफ्ट मधे घातली?"

"काका, पण तुम्हीच आत्ता—"

"ते भिंतीचं होतं. माणसांचं नव्हतं."

श्वेता पूर्ण गोंधळली. तेवढ्यात रुक्मिणी उठली. तिने टेबलावरचं पेन घेतलं आणि भाऊंच्या नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन चौकोन काढले, एकमेकांना अगदी चिकटून. डावीकडे लिहिलं परुळेकर, उजवीकडे साटम.

"हे असं हवं," ती म्हणाली. उत्तराने मागून मान डोलावली.

श्वेताने त्या चौकोनांकडे बराच वेळ पाहिलं. "जमवता येईल. दुसऱ्या विंगेला लिफ्ट नेते. पण काकू, मधल्या भिंतीची जाडी किती धरू?"

"थाप मारली की पलीकडे ऐकू येईल एवढी."

श्वेता आपलं पेन धरून थांबली. हे कसं लिहायचं, ते तिला सुचेना.

"म्हणजे पाच इंच," नंदकुमार तिच्या मदतीला धावला.

"पाच कशाला? चार," परुळेकर म्हणाले.

"चार इंचाला माझा टीव्ही पेलेल का, चंदू?"

"टीव्ही तू तिकडच्या भिंतीवर लाव ना! देवघर आमचं—"

रुक्मिणीने पेन खाली ठेवलं आणि ती उत्तराला घेऊन चहा बघायला गेली.